पेपर मारलेल्या रंगावरचे ओरखडे पॉलिशनंतर पुन्हा का दिसू लागतात

गाडीचे बॉनेट किंवा दरवाजा नव्याने रंगवला जातो, क्लिअर कोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) बसलेली धूळ, एखादा ओघळ आणि ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा उंचसखलपणा) काढण्यासाठी त्यावर १५०० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यासह घासायचा सँडपेपर; नंबर जितका मोठा तितका बारीक) मारला जातो, मग रबिंग कंपाउंड आणि पॉलिश फिरवले जाते, आणि गाडी ताब्यात मिळते तेव्हा पॅनलवर समोरच्या माणसाचा चेहरा स्वच्छ दिसत असतो. दोन-तीन वेळा गाडी धुऊन झाली, किंवा काही आठवडे उन्हात उभी राहिली, की त्याच पॅनलवर बारीक रेषा दिसू लागतात. गाडी पुन्हा गॅरेजमध्ये नेली आणि पुन्हा रबिंग केले की त्या नाहीशा होतात, आणि काही दिवसांनी परत येतात. काळ्या, गडद निळ्या आणि गडद लाल रंगावर ही तक्रार अधिक ऐकू येते. पांढऱ्या आणि चंदेरी रंगावर ओरखडे तितकेच असले तरी नजरेला ते सहज पकडता येत नाहीत.

या तक्रारीवर बहुतेक ठिकाणी अधिक भारी कंपाउंड आणि अधिक वेळ मशीन हाच उपाय सुचवला जातो. माझे मत याच्या विरुद्ध आहे. दोष कंपाउंडच्या पायरीत क्वचित असतो. तो त्याच्या आधीच्या पायरीत असतो, म्हणजे पेपरच्या, सुकण्याच्या किंवा त्याहूनही खालच्या लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आणि प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) यांच्या. परत आलेला ओरखडा बहुतेक वेळा गेलेलाच नसतो, फक्त काही काळ झाकलेला असतो. म्हणून तो नेमका कोणत्या पायरीवरचा आहे हे ओळखून तिथपर्यंत मागे जाणे, आणि मागे जाण्याइतका रंग शिल्लक आहे का हे आधी पाहणे, एवढाच खरा मार्ग उरतो.

ओरखडा म्हणजे क्लिअर कोटमध्ये पडलेली सरी आहे असे समजावे. नांगरलेल्या शेतातली सरी मोडायची असेल तर दोन्ही बाजूंचे वरंबे सरीच्या तळापर्यंत खाली आणावे लागतात. रंगाचेही तेच आहे. वरंब्यांच्या कडा नुसत्या गोल झाल्या तर प्रकाश कमी विखुरतो, पृष्ठभाग चकचकीत दिसतो, पण सरी जागच्या जागी राहते. आणि वरंबे खाली आणणे म्हणजे क्लिअर कोट खर्च करणे. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, गॅरेजमध्ये नीट दोन हात मारले असतील तर थोडा अधिक. उन्हातील अतिनील किरणे शोषणारी द्रव्ये याच थरात असतात. तो प्रमाणाबाहेर पातळ झाला तर आज चकाकी दिसते आणि पुढे काही वर्षांत क्लिअर पांढरट पडून सोलवटायला लागतो. तिसऱ्यांदा रबिंग करून घेणे निरुपद्रवी नाही, हे गाडीच्या मालकाने आणि कारागिरानेही ध्यानात घ्यायला हवे.

रेषा केव्हा आणि कशा दिसल्या

निदानाची सुरुवात मशीनने नव्हे, निरीक्षणाने करावी. पहिल्याच धुण्यात ओरखडे उघडे पडले असतील तर बहुधा पॉलिशमधील तेल, मेण किंवा सिलिकॉन त्या सऱ्यांमध्ये भरून बसले होते आणि शाम्पूने ते निघून गेले. चकाकी लवकर यावी म्हणून अशी भरणारी द्रव्ये अनेक पॉलिशमध्ये असतात आणि त्यात गैर काही नाही. गैर एवढेच की त्यांच्यावर विसंबून काम पूर्ण झाले असे मानले जाते. यावरचा उपाय सोपा आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून, साधारण एक भाग अल्कोहोल आणि चार ते पाच भाग पाणी या प्रमाणात, मऊ मायक्रोफायबर कापडावर फवारावे आणि प्रत्येक पायरीनंतर पॅनल हलक्या हाताने पुसून पाहावे. रंग अगदी ताजा असेल तर थिनर किंवा पेट्रोल यासाठी कधीही वापरू नये.

रेषा गॅरेजमध्ये दिसत नव्हत्या आणि बाहेर सूर्यप्रकाशात लगेच दिसल्या, तर त्या परत आलेल्या नाहीत. त्या आधी कोणी पाहिल्याच नव्हत्या. छताच्या ट्यूबलाइटचा पसरट प्रकाश ओरखडे लपवतो. एकाच बिंदूतून येणारा प्रकाश, म्हणजे सूर्य किंवा एलईडीची चांगली बॅटरी, पॅनलवर तिरका टाकला की खरे चित्र दिसते.

रेषांचा आकारही बरेच सांगतो. सरळ आणि एकमेकींना समांतर रेषा हाताने मारलेल्या पेपरच्या असतात. शेपटीसारख्या वळलेल्या, सुट्या सुट्या, तुलनेने खोल खुणा सँडिंग मशीनच्या डिस्कखाली अडकलेल्या कणाच्या असतात. रुंद कमानीसारखे, गाडीभोवती फिरताना जागा बदलल्यासारखे वाटणारे चमकते पट्टे मात्र पेपरचे नाहीत. ते रोटरी मशीनवरच्या (एकाच अक्षावर गोल फिरणाऱ्या) वूल पॅडने, म्हणजे लोकरी पॅडने, पडलेले होलोग्राम आहेत, आणि ते मऊ फोम पॅड, बारीक पॉलिश आणि ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (ज्याचे पॅड फिरता फिरता डोलतेही) यांनी निघतात. होलोग्रामला पेपरचा ओरखडा समजून पुन्हा २००० चा पेपर मारणे म्हणजे क्लिअर कोट विनाकारण वाया घालवणे आहे.

आणखी एक चाचणी मला सर्वांत उपयुक्त वाटते. ज्या भागात रेषा दिसतात तो स्वच्छ पाण्याने ओला करावा. ओल्या पॅनलवर रेषा नाहीशा झाल्या आणि सुकल्यावर पुन्हा दिसल्या, तर त्या वरच्या पृष्ठभागावर आहेत, कारण पाण्याने सऱ्या तात्पुरत्या भरल्या. पाणी टाकूनही त्या तशाच दिसत राहिल्या, तर त्या क्लिअर कोटच्या खाली आहेत आणि कोणतेही पॉलिश त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. या दुसऱ्या प्रकाराकडे पुढे येतो.

रंग पुरता सुकला होता का

धुतल्यावर रेषा आल्या नाहीत, अल्कोहोलने पुसूनही पॅनल स्वच्छ होते, आणि तरीही दोन ते सहा आठवड्यांनी रेषा उमटल्या, तर कारण जवळजवळ नेहमी हेच असते की क्लिअर कोट पूर्ण कडक होण्याआधी त्यावर पेपर आणि बफिंग झाले. टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा दोन घटकांचा क्लिअर, केवळ थिनर उडून सुकत नाही. त्यातील राळ आणि हार्डनर यांची रासायनिक प्रक्रिया पूर्ण व्हावी लागते. बूथमध्ये पॅनलचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धा तास ठेवले तर ही प्रक्रिया पुष्कळशी उरकते. उघड्या शेडमध्ये, नाशिकच्या थंडीतल्या रात्री किंवा कोकणातल्या आषाढात, तोच क्लिअर वरून हाताला कोरडा लागला तरी आतून मऊ असतो. त्यात ऑरेंज पील बुडवण्याच्या हेतूने जाड हात मारले असतील, किंवा दोन हातांमध्ये पुरेसा वेळ दिला नसेल, तर वर पापुद्रा धरतो आणि थिनर आत अडकतो. हार्डनर डब्यावरील प्रमाणापेक्षा कमी पडला असेल तर नुसते थांबूनही हवा तसा कडकपणा येत नाही.

अशा मऊ थरावर बफिंग केले की दोन गोष्टी घडतात. मशीनच्या घर्षणाची उष्णता रंग नरम करते आणि कंपाउंडमधील द्रव तो किंचित फुगवतो, त्यामुळे सऱ्यांच्या कडा मिटल्यासारख्या होतात आणि पॅनल निर्दोष दिसते. पुढे अडकलेला थिनर हळूहळू बाहेर पडतो, थर आक्रसतो, आणि मिटलेल्या सऱ्या पुन्हा उघडतात. कारागिराने फसवले असा मालकाचा समज होतो, आणि मालकाने गाडी कोरड्या कापडाने पुसली असा कारागिराचा. मला वाटते, पुष्कळदा दोघेही प्रामाणिक असतात आणि दोष केवळ घाईचा असतो.

रंग तयार आहे की नाही हे ओळखण्यासाठी दरवाजाच्या आतल्या कडेवर किंवा अशाच नजरेआड जागी अंगठ्याचे नख दाबून पाहावे; ठसा राहिला तर थांबावे. पेपर मारताना निघणारा चिखल दुधासारखा पांढरा आणि मोकळा असावा. पेपरवर चिकट गुठळ्या धरत असतील आणि पेपर वारंवार भरत असेल, तर त्या दिवशी काम बंद ठेवणे हेच योग्य. याची दुसरी बाजूही आहे: काही क्लिअर फार दिवस गेले की इतके कडक होतात की २००० चा ओरखडा काढायलाही दमछाक होते. म्हणून क्लिअर बनवणाऱ्या कंपनीच्या तांत्रिक पत्रकात पेपर आणि पॉलिशसाठी दिलेला काळ पाहावा आणि तो तिथे दिलेल्या तापमानालाच लागू आहे हे विसरू नये.

आक्रसण्यामुळे रेषा उमटल्या असतील तर लगेच मशीन लावू नये. गाडी आणखी काही आठवडे वापरू द्यावी, शक्य तितके ऊन मिळू द्यावे, आणि मेण किंवा कोटिंग काही लावू नये. थर स्थिरावला की बहुतेक वेळा १५०० पर्यंत मागे जाण्याची गरज पडत नाही. ३००० ची फोम डिस्क ओल्या पॅनलवर हलकी फिरवून पुढे कंपाउंड आणि पॉलिश पुरते.

पेपरची पायरी, जिथे बहुतेक चुका होतात

रंग पुरता सुकलेला असूनही सरळ रेषा राहत असतील तर पेपरकडे वळावे. पी मालिकेतील (नंबरआधी P छापलेल्या) पेपरमध्ये १००० नंबरच्या कणाचा सरासरी आकार सुमारे १८ मायक्रॉन असतो, १२०० चा १५, १५०० चा साडेबारा, २००० चा दहा, आणि २५०० चा साडेआठच्या आसपास. या आकड्यांवरून कळते की १२०० नंतर थेट ३००० घेतला तर त्या बारीक कणांना १२०० च्या सरीच्या तळापर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल. तेवढा वेळ हाताने कोणी देत नाही. पायरी गाळून वेळ वाचत नाही, तो पुढे कंपाउंडवर दुपटीने खर्च होतो, आणि तोही उष्णता निर्माण करत.

मुळात खडबडीत नंबरने सुरुवात करण्याचीच गरज आहे का, हे आधी तपासावे. सुटे धुळीचे कण आणि हलका ऑरेंज पील २००० नेही जातो. १२०० किंवा १५०० चा पेपर ओघळ किंवा ठळक उंचवटा असेल तिथेच, आणि तेवढ्याच जागी वापरावा. संपूर्ण बॉनेटवर १२०० फिरवणे हे कारखान्याच्या मूळ रंगावर तर मी अजिबात करू नये असेच म्हणेन.

प्रत्येक नंबरची दिशा बदलणे ही या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची सवय आहे. १५०० गाडीच्या लांबीच्या दिशेने मारला असेल तर २००० आडवा मारावा, आणि त्यापुढचा पुन्हा लांबीच्या दिशेने किंवा तिरका. मॅट झालेले पॅनल एकसारखे दिसते म्हणून आधीचा नंबर निघाला असे होत नाही, कारण ३००० चा बारीक धुरकटपणा १५०० च्या सऱ्या सहज झाकतो. दिशा वेगवेगळ्या ठेवल्या की उरलेली रेष कोणत्या नंबरची आहे हे तिच्या दिशेवरून कळते. प्रत्येक नंबरनंतर रबरी पट्टीने पाणी ओढून घ्यावे, पॅनल कोरडे करावे आणि बॅटरी तिरकी धरून पाहावे. शेवटच्या पेपरनंतर तळहाताएवढ्या एकाच जागी कंपाउंड आणि पॉलिश करून, अल्कोहोलने पुसून, बाहेरच्या उजेडात निरखावे. तिथे लांबीच्या दिशेच्या सरळ रेषा दिसल्या आणि १५०० त्याच दिशेने मारला होता, तर कंपाउंड बदलू नये. २००० चा पेपर हाती घ्यावा. ही छोटी चाचणी टाळली जाते म्हणून अख्खे पॅनल दोनदा करावे लागते.

बोटांनी धरून पेपर मारू नये. बोटांखाली दाब असमान पडतो आणि त्यांच्या दिशेने उथळ खाचा तयार होतात. सपाट भागासाठी कडक रबरी ब्लॉक आणि वळणाच्या भागासाठी मऊ फोमचा ब्लॉक वापरावा. नवा पेपर दहा-पंधरा मिनिटे पाण्यात भिजवून घ्यावा, म्हणजे त्याच्या कडा मऊ होतात, आणि पाण्यात शाम्पूचे एक-दोन थेंब टाकावेत. पाण्याची बादली मात्र प्रत्येक नंबरला नवी हवी, निदान ती धुऊन पुन्हा भरलेली तरी हवी. १५०० चा एखादा सुटा कण २००० च्या पेपरखाली आला, किंवा जमिनीवर पडलेला पेपर तसाच उचलून वापरला, तर जो एकटा खोल ओरखडा पडतो त्याचे कारण नंतर कोणालाच सापडत नाही. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी पॅनलवर वाळू देऊ नये. त्याचे डाग धुरकटपणात मिसळतात आणि निरीक्षण चुकते.

मशीन, पॅड आणि उष्णता

या भागावर थोडक्यात लिहितो, कारण आधीच्या पायऱ्या नीट झाल्या असतील तर इथे फारसे अडत नाही. रोटरी मशीन मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांवर पुरेसे असते. काही ठिकाणी लहान अँगल ग्राइंडरलाच पॅड बसवून बफिंग केले जाते. असा ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो आणि त्याच्याखाली क्लिअर कोट काही सेकंदांत जळू शकतो, म्हणून ते टाळावेच. एका वेळी दीड-दोन फूट चौरस जागा घ्यावी, पॅड सपाट ठेवावे, आणि पॅनल हाताला सोसवेल इतकेच गरम होऊ द्यावे. उन्हात तापलेल्या पॅनलवर काम सुरूच करू नये. कंपाउंड आणि पॉलिश यांची पॅड्स वेगळी असावीत आणि ती वरचेवर ब्रशने साफ करावीत, कारण वाळलेल्या कंपाउंडची खपली स्वतःच नवे ओरखडे पाडते. कडांवर आणि बॉडीच्या उठावदार रेषांवर रंग पातळ असतो. तिथे पेपर मारताना आणि कंपाउंड करताना मास्किंग टेप लावून ठेवावी आणि शेवटी टेप काढून ती जागा हाताने पॉलिश करावी.

रेषा रंगाच्या खाली असतील तर

पाणी टाकूनही न लपणाऱ्या रेषा, आणि विशेषतः डेंटिंग केलेल्या जागेभोवती कडे किंवा नकाशासारखी किनार दिसत असेल, तर ओरखडे लांबीचे किंवा प्रायमरचे आहेत. लांबी ८० नंबरने उतरवली, तिथून १८० आणि ३२० न करता प्रायमर मारला, किंवा प्रायमर पुरता सुकण्याआधी त्यावर बेस कोट (क्लिअरखालचा मूळ रंगाचा थर) आला, की वरचा थिनर खालच्या थरात शिरतो, सऱ्यांच्या कडा फुगवतो, आणि थर बसू लागला की सगळा नकाशा वर उमटतो. क्लिअर कोट वरून कितीही गुळगुळीत केला तरी नजर त्यातून आरपार खालीच जाते. इथे रबिंग करत राहणे हे मालकाच्या पैशाचे आणि क्लिअर कोटचेही नुकसान आहे. थर पूर्ण स्थिरावू द्यावा, तो सपाट करून घ्यावा, प्रायमर-सरफेसर मारून तो सुकल्यावर ६०० ने, आणि मेटॅलिक रंग असेल तर ८०० पर्यंत नेऊन, बेस आणि क्लिअर पुन्हा मारावा. ही गोष्ट गाडीच्या मालकाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावी.

कुठे थांबायचे

मागे जाण्याचा निर्णय घेण्याआधी रंगाची जाडी मोजता आली तर उत्तम. साधा मापक पत्र्यापासून वरच्या सर्व थरांची एकत्रित जाडी दाखवतो, एकट्या क्लिअर कोटची नव्हे, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर तो चालत नाही. कारखान्याच्या रंगावर साधारण १०० ते १५० मायक्रॉन दिसतात. पुन्हा रंगवलेल्या पॅनलवर आकडा अधिक असतो, पण त्यात लांबी आणि प्रायमरही आले, म्हणून ३०० आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. खरा उपयोग फरकाचा आहे: काम सुरू करण्याआधी खडूने खूण करून वाचन घ्यावे आणि प्रत्येक पायरीनंतर त्याच जागी पुन्हा घ्यावे. सर्व पायऱ्या मिळून घट आठ मायक्रॉनच्या आसपास पोहोचली की एखादी खोल रेष उरली तरी ती राहू द्यावी. तिच्या कडा पॉलिशने गोल झाल्या की चार फुटांवरून ती दिसत नाही, आणि तिच्यासाठी क्लिअर कोट घालवणे परवडणारे नाही.

मापक नसेल तर निदान पॅडकडे आणि चिखलाकडे लक्ष ठेवावे. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर निघणारा गाळ पांढरा असतो. त्यात गाडीचा रंग उतरू लागला तर क्लिअर संपून बेस कोट लागला आहे, आणि तत्क्षणी थांबावे. काही जुन्या गाड्यांवर आणि कमर्शियल वाहनांवर क्लिअरविना एकाच थराचा रंग असतो, तिथे पॅडवर रंग येणे स्वाभाविक आहे. म्हणून एका कोपऱ्यात आधी कापडाने थोडे कंपाउंड घासून रंगाचा प्रकार ठरवून घ्यावा. बेस कोट उघडा पडला असेल तर त्यावर ठिगळासारखा क्लिअर मारू नये, कारण त्याची किनार उन्हात वेगळी दिसत राहते. संपूर्ण पॅनल घासून त्याला क्लिअर द्यावा.

काम पूर्ण झाल्यावर पॅनल शाम्पूने धुवावे, अल्कोहोलने पुसावे आणि सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दोन्ही बाजूंनी पाहावे. ताज्या रंगावर मेण, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग लगेच लावण्याचा आग्रह मालकाने धरू नये आणि कारागिराने मान्य करू नये. रंग बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेला काळ, जो अनेकदा एक ते दोन महिन्यांचा असतो, तो जाऊ द्यावा. कोटिंगच्या आधी तेच पॅनल पुन्हा एकदा तिरप्या उन्हात तपासावे, कारण आक्रसण्याने उमटलेल्या रेषा कोटिंगखाली गेल्या तर त्या काढण्यासाठी कोटिंगही घासून काढावे लागते, आणि तो खर्च दोनदा होतो.